अर्ध्या गोळीचा न्याय

आसनगाव, शहापूर

लोक आसनगावला उतरतात ते माहुलीचा किल्ला चढायला. मी उतरले ती लोकांचे बेडके गोळा करायला. हे असं थेट सांगितलं की आमच्या घरी जेवणाच्या ताटावर सगळे माझ्यावर कावतात. पण पुढे वाचायचं की नाही हे वाचणाऱ्यानं आधीच ठरवलेलं बरं.

मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत क्षयाचे जंतू वाढवते. वाढवते म्हणजे खरंच वाढवते. रोग्याचा बेडका आणायचा, बाटलीतल्या हिरव्या खाद्यावर टाकायचा, उबेत ठेवायचा आणि आठवडेच्या आठवडे वाट बघायची. जंतू उगवले की प्रत्येक औषधाच्या बाटलीत थोडे थोडे घालून बघायचे. ज्या बाटलीत ते मरतात ते औषध रोग्याला लागू. ज्या बाटलीत मजेत वाढतात, त्या औषधाला तो जंतू दाद देत नाही.

दोन हजार साल उलटून थोडी वर्षं झाली होती. मुंबईत असे दाद न देणारे जंतू बरेच सापडत होते. मग आमच्याकडे प्रश्न आला की मुंबईला लागून असलेल्या खेड्यांत काय परिस्थिती आहे? शहरात एक, डोंगराच्या पायथ्याला दुसरं असं आहे, की सगळीकडे सारखंच? आमच्या साहेबांचं मत तयार होतं. गावाकडे औषधांची दुकानं कमी, डॉक्टर कमी, तेव्हा जंतूही अजून साधेभोळे असणार. मी म्हटलं, बघितल्याशिवाय मी मानणार नाही. हा माझा स्वभाव आहे आणि घरच्यांना त्याचा जाच होतो. साहेबांनाही होत असावा, कारण त्यांनी शहापूर आणि मुरबाड हे दोन्ही तालुके माझ्याच गळ्यात टाकले.

कामाची एक मेख इथेच सांगून ठेवते, म्हणजे पुढे अडणार नाही. ज्यानं आधी कधीच क्षयाचं औषध घेतलेलं नाही तो रोगी वेगळा मोजायचा आणि ज्यानं घेतलं आहे तो वेगळा. कधीच औषध न घेतलेल्याच्या छातीत हट्टी जंतू निघाला, तर तो हट्टी होऊनच दुसऱ्याकडून आला. औषध घेतलेल्याच्या छातीत निघाला, तर घोळ बहुधा औषध घेण्यात झाला. म्हणून प्रत्येक घरात पहिला प्रश्न एकच, "याआधी क्षयाचं औषध घेतलं होतं का?" सगळी इमारत त्या एका उत्तरावर उभी.

दिवाळीला थोडे दिवस उरले होते. शहापुरात पहिले बेडके गोळा केले आणि बर्फाची पंचाईत झाली. बेडका थंड ठेवावा लागतो, नाहीतर त्यात भलतंच काहीतरी माजतं. माझी थर्मोकोलची पेटी होती, पण रात्रभर वीज नव्हती आणि बर्फ कुठेच मिळेना. शेवटी मासळी बाजारातल्या एका बाईनं आपल्या टोपलीखालचा बर्फ फडक्यात बांधून दिला. एस.टी.त बसले तर पेटीला बोंबलांचा घमघमाट. शेजारची बाई जरा वेळ बघत राहिली, मग झाकणाला हात घालत म्हणाली, "कशे दिले गो बोंबील?"

मी म्हटलं, "बोंबील नाहीत, क्षयाचे बेडके आहेत."

पुढचा सगळा प्रवास मी तिघांच्या बाकावर एकटीनं ऐसपैस बसून केला.

उंबरमाळी

कसाऱ्याच्या अलीकडचा हा छोटा थांबा. गाडी निघून गेली की एवढी शांतता होते की आपल्याच चपलांचा आवाज मोठा वाटतो. सागाची मोठाली पानं, लाल माती आणि वर जाणारी पायवाट. मी माणदेशची. आमच्याकडे डोंगर म्हणजे तपकिरी बोडके माळ, त्यामुळे इतकं हिरवं बघितलं की मला उगाचच कुणीतरी आपल्याला फसवतंय असं वाटतं.

इथला रोगी पन्नाशीचा होता, कुर्ल्याच्या एका वर्कशॉपात कामाला जायचा. अंगणात खाटेवर बसून माझ्याशी बोलला. "आमच्याकडचा खोकला नाय हो म्याडम हा. मुंबईवरनं पासावर आलाय." असं म्हणून स्वतःच हसला आणि हसता हसता खोकला. आधी औषध घेतलं होतं का, तर हो. वर्कशॉपजवळच्या डॉक्टरकडून महिनाभर. मग बरं वाटलं. मग दुसऱ्या डॉक्टरकडून दोन आठवडे, मग तिसरा डॉक्टर. "टाइमच नाय भेटत. फास्ट पकडायची का डॉक्टर पकडायचा?"

ही शहराची रीत झाली. डॉक्टर बदलत जायचं, औषध मध्येच सोडायचं आणि जंतूला सराव द्यायचा. मी त्याला बजावून बजावून सांगितलं. त्यानं मान हलवली आणि बायकोनं मला निघताना काकडी दिली. शहापूरच्या तलावांचं पाणी मुंबईला जातं आणि मुंबईचा खोकला इकडे येतो, एवढं मला त्या दिवशी कळलं. साहेबांचं म्हणणं मला तेव्हा निम्मं पटलं होतं, की रोजच्या गाडीपासून जितकं लांब जावं तितका जंतू साधा सापडेल.

टोकावडे

मुरबाडहून माळशेजकडे जाताना सरळगाव मागे पडलं की सह्याद्रीची भिंत एकदम समोर येते. टोकावड्याला तर ती इतकी जवळ आहे की तिथे राहणाऱ्यांना आभाळ अर्धंच मिळतं. रस्त्याच्या कडेला ढाबे, घाटात चढणाऱ्या एस.ट्या आणि दोन्ही बाजूंना पिवळं झालेलं भात. कापणी ऐन भरात होती. इथली एक पद्धत मला फार आवडली. आज सगळे मिळून एकाचं शेत कापतात, उद्या दुसऱ्याचं. मजुरी कुणी कुणाला देत नाही, ज्याचं शेत त्यानं त्या दिवशी सगळ्यांना जेवू घालायचं. आमच्याकडे पाऊसच इतका कमी पडतो की एकमेकांना मदत करण्याएवढं पीकच उभं राहत नाही.

इथले आरोग्य कर्मचारी भोईरभाऊ. पन्नाशीचे, स्कूटर असलेले आणि कशालाही "होईल हो" म्हणणारे. त्यांनी मला आतल्या एका गावी नेलं. तिथली सुनंदा, वय तिशीच्या आत, गेल्याच आठवड्यात तिच्या बेडक्यात सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसले होते. आधी कधी उपचार झालेला नव्हता. मला हव्या होत्या तशाच नव्या रोग्यांतली ती होती.

घरात सुनंदा, तिची थोरली जाऊ कमल आणि दोघींची सासू भागाबाई. दोघे मुलगे मुरबाडला कारखान्यात, पहाटेच निघून जात. भागाबाई म्हणजे ताठ कण्याची, काळ्या मिश्रीनं दात रंगलेली बाई. भोईरभाऊ तिला मावशी म्हणत आणि थोडे दबूनही असत. त्यांनी मला वाटेतच सांगून ठेवलं होतं, "गावात कुनाच्या घरी वाटन्या झाल्या, तंटा लागला, का बोलावतात भागामावशीला. तिचा हिशेब चुकत नाय. सुनांना पन तशीच ठेवलेय. एकीला बांगडी भरली का दुसरीच्या हातात पन तीच."

मी सुनंदाला डबी दिली. सकाळी उठल्याबरोबर, तोंडाला मिश्री लावायच्या आधी, खोल खोकून बेडका काढायचा, नुसती थुंकी नको, हे सगळं अभिनयासकट दाखवलं. मग विचारलं, "याआधी क्षयाचं औषध घेतलं होतंस का?"

"नाय."

"कधीच?"

"माझ्या नावाचा औषध कदी आलाच नाय." ती म्हणाली. मी भागाबाईकडे बघितलं. तिनंही मान हलवली. थोरलीला झाला होता, दोन पावसाळ्यांमागे. तिचं औषध सरकारी दवाखान्यातून महिन्याच्या महिन्याला घरी यायचं. ती बरी झाली. धाकटीला आत्ता निघालाय. मी "नवा रोगी" अशी नोंद केली आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबी आली. उघडली तर आत राख. वरपर्यंत, छान चाळलेली, चुलीतली पांढरी राख. राखेत जंतू कसले जगतात? माझं डोकं तापलं. भोईरभाऊंच्या स्कूटरवर बसून तशीच त्या घरी गेले. भागाबाई अंगणात भात झोडण्यासाठी खळं सारवत होती. मी डबी पुढे केली.

"राख कुणी घातली?"

"मी घातली. काय झाला?"

"अहो, कशाला?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी मीच अडाणी. "थोरलीच्या येळंला नरसबाय आलेली, तिनं सांगितलेला. क्षयाचा थुकायचा तर डब्यात राख घालून थुकायचा, उघड्यावर नाय. तवापासून आमी तसाच करतो. तुमी शिकलेल्या, तुमाला नाय ठाव?"

 त्या नर्सनं शिकवलं ते बरोबरच होतं आणि ह्या बाईनं ते तेव्हापासून पाळलं होतं. मी खाली बसले, हसू आवरलं आणि नवी डबी काढली. उद्या राखेविना, असं ठरलं. तिनं जेवल्याशिवाय सोडलं नाही.

त्या दिवशी कापणीचे लोक तिच्याच शेतात होते, त्यामुळे चूल मोठी पेटली होती. तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी, वालाची आमटी आणि नव्या काकडीचा मोठा काप. आमच्या ज्वारीच्या भाकरीला दात लावावे लागतात, ही तोंडात आपली आपण विरघळते. मी तीन खाल्ल्या. भागाबाई वाढताना मी बघत होते. मांजरानं ओढून नेलेल्या भाकरीचा उरलेला तुकडासुद्धा तिनं मधोमध मोडला आणि दोन्ही सुनांच्या ताटात एकेक टाकला. मला गंमत वाटली. आमच्या घरी दोन जावांत एका चमच्यावरून अबोला झालेला मी बघितलाय, तिथे अशी सासू असती तर बरं झालं असतं असंही वाटून गेलं.

कमल उन्हातून आली होती. डोकं धरून बसली. मी माझ्या पर्समधली डोकेदुखीची गोळी तिला दिली. भागाबाईनं ती तिच्या हातातून सहज घेतली, कनवटीचा अडकित्ता काढला, गोळी त्यात धरून बरोबर मधोमध कापली, आणि एक तुकडा कमलला, एक सुनंदाला दिला. दोघींनी पाण्याबरोबर गिळूनही टाकला.

"हिचं कुठे डोकं दुखतंय?" मी विचारलं.

"आज नाय दुखत तर उद्या दुखंल. माज्या घरात एकीला एक न् दुसरीला नाय, असा नाय चालत."

भोईरभाऊ हसले. मीही हसणार होते. पण घास तोंडातच राहिला. मी ताट बाजूला सारलं.

"आजी, कमलचं क्षयाचं औषध आलं होतं, तेव्हा?"

"तवा काय?"

"तेव्हा गोळ्या कशा दिल्या?"

तिला लपवायचं काही नव्हतंच. उलट तिला ते सांगताना अभिमान होता. थोरलीचं औषध चालू होऊन थोडे दिवस झाले आणि धाकटीही खोकायला लागली. तेव्हा आवणीची, म्हणजे भातलावणीची घाई, दवाखान्यात न्यायला वेळ नाही. आणि एक खोकतेय, दुसरीही खोकतेय, मग औषध एकीलाच कसं द्यायचं? तिनं पांढऱ्या गोळ्या अडकित्त्यानं अर्ध्या केल्या. लाल कॅप्सूल मात्र कापता येत नव्हती, भुकटी सांडायची. "मंग ती आज थोरलीला, उद्या धाकटीला. एक दिवस नाय चुकवला. दोघी पन बऱ्या झाल्या."

सगळं औषध संपेपर्यंत, महिनोन्‌महिने, तिनं एका बाईचं औषध दोघींना घातलं होतं. कुणी विचारलं नाही म्हणून कुणाला सांगितलं नाही. सुनंदानं मला खोटं सांगितलेलं नव्हतं. तिच्या नावाचं औषध कधी आलंच नव्हतं.

मला संताप आला. भागाबाईचा आला, महिन्याच्या गोळ्या हातात ठेवून पाठ फिरवणाऱ्या कारभाराचा आला आणि भोईरभाऊ अजूनही "होईल हो"च्या चेहऱ्यानं बघत होते त्यांचाही आला. पण कुणावर ओरडायचं? सुनांना उपाशी मारणाऱ्या सासवा मी बघितल्या होत्या. ह्या बाईनं तर दोघींना जीव लावून अर्ध्या औषधावर ठेवलं होतं.

"आजी, राब करता ना तुम्ही?" मी विचारलं. ह्या भागात भाताचं रोप लावायच्या जागेवर पाला, शेण आणि कवळं, म्हणजे झाडांच्या तोडलेल्या फांद्या, रचून ती जमीन भाजून काढतात, तो राब. ते मी रस्त्याच्या कडेला लोकांकडून ऐकलं होतं.

"करतो तर. नाय भाजला तर तण मारतं रोपाला."

"आणि अर्धाच भाजला तर?"

"मंग भाजून न भाजून सारका. जो तण वाचतो तो असा माजतो का उपटता उपटत नाय." एवढं बोलून ती थांबली. तिच्या हातात अडकित्ता होता, तो तिनं हळूहळू खाली ठेवला. 

मग तिनं विचारलं, "दोघींचा पन माजला आसंल?"

"बघायला लागेल. दोघींचा बेडका द्या. राख न घालता."

तेव्हा कमल पहिल्यांदा बोलली. आजवर ती आपण बरी झाल्याचं सांगत आली होती, पण पावसापासून खोकला पुन्हा सुरू झाला होता आणि तिनं तो पदरात दाबून ठेवला होता. सासूला कळला असता तर धाकटीला औषध आल्यावर त्यातला वाटा आपल्याला आला असता, म्हणून. "तिचा तरी पुरा व्हावा," ती म्हणाली. सुनंदा जावेकडे बघतच राहिली.

संध्याकाळी टोकावड्याच्या फोन बूथवरून मी साहेबांना फोन लावला. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग ती नवी रोगी नाही. आपल्या कामात बसत नाही. काढून टाका दोन्ही आणि पुढच्या गावी जा."

"बसत नसेल तर काम मोठं करा, साहेब," मी म्हटलं. "शहरात लोक डॉक्टर बदलून जंतू बिघडवतात, इथे वाटून खाऊन बिघडवतात. कोणत्या भागात किती, हे मोजायला निघालोय ना आपण? मग कसं बिघडतं ते न बघता नुसतं किती ते मोजून काय करायचं? दोन्ही नमुने मी आणतेय. वाढवणारही मीच आहे."

बूथवाला माझ्याकडे टक लावून बघत होता.  साहेब "आणा," एवढंच म्हणाले.

सकाळी भागाबाई स्वतः दोन्ही डब्या घेऊन चालत टोकावड्याला आली. डब्या झाकलेल्या होत्या आणि सुनांनी लावायची नव्हती म्हणून की काय, त्या दिवशी तिनंही मिश्री लावलेली नव्हती. 

पुणे

दोघींचेही जंतू उगवले. कोबीच्या फुलासारखे खरबरीत, पिवळट ढीग. एरवी ते उगवले की मला मनातून आनंद होतो, कारण आपलं काम जमलं. ह्या वेळी झाला नाही.

तोवर भोईरभाऊंनी दोघींना आधी औषध घेतलेल्यांचा पुरा उपचार सुरू केला होता. आता नवी पद्धत आली होती. रोग्याच्या नावाचा औषधाचा डबा दवाखान्यात राहतो आणि गोळी कर्मचाऱ्यासमोर गिळायची. कापणी ज्या शेतात असेल त्या शेतात भोईरभाऊ स्कूटर घेऊन जायचे. दोन सुनांचे दोन डबे, सारखे. भागाबाईचं समाधान झालं होतं असं त्यांनी फोनवर सांगितलं.

मग औषधांच्या बाटल्यांचा निकाल आला. सुनंदाचा जंतू दोन औषधांना जुमानत नव्हता, पण लाल कॅप्सूलसमोर मरत होता. म्हणजे चालू उपचारानं ती बरी व्हायची आशा भक्कम होती. कमलचा जंतू लाल कॅप्सूललाही दाद देत नव्हता आणि जवळपास कशालाच देत नव्हता. माझ्या हिरव्या बाटल्या एका ओळीत उभ्या होत्या आणि जवळपास प्रत्येकीत तो वाढलेला होता.

अशा जंतूवरची औषधं तेव्हा जिल्ह्यात मिळत नव्हती. ती महाग, दोन-दोन वर्षं घ्यायची, त्यांनी पोट ढवळतं, कान वाजतात. मिळाली तर एकदाच मिळणार. त्यातही गडबड झाली तर त्यापुढे काहीच नाही. मी मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात गेले, नाही म्हणाले. परत गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंना बाटल्यांचे फोटो दाखवले. त्या म्हणाल्या, "गावात दोन वर्षं रोज कोण बघणार? अर्धवट घेतलं तर याहून वाईट जंतू तयार होईल, त्यापेक्षा न दिलेलं बरं." मी म्हटलं, "अर्धवट घेणार नाही. मी बघते." "तुम्ही पुण्यात असता." "मी बघते म्हटलं ना." चौथ्या का पाचव्या खेपेला त्यांनी कमलला तपासायला बोलावलं, थोडे दिवस ठेवून घेतलं, आणि काही दानशूर मंडळींच्या मदतीनं औषधाची सोय लावून दिली. घरचे म्हणाले, तू तर त्या बाईची माहेरची असल्यासारखी वागतेयस. असेन बापडी.

पुन्हा टोकावडे

औषधाचं पहिलं खोकं घेऊन मी स्वतः गेले. शेतं मोकळी झाली होती, पळस पेटलेला होता आणि घाटाची भिंत उन्हात अगदी स्वच्छ दिसत होती. पण ह्या खेपेला माझं लक्ष त्या कशात नव्हतं. मला भागाबाईला तोंड द्यायचं होतं.

सुनंदा अंगणात चिंचा फोडत होती. गाल भरले होते. कमल भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या गळ्याची हाडं मोजता आली असती. भागाबाईनं मला पाणी दिलं, समोर बसली आणि मी तोंड उघडायच्या आधीच विचारलं.

"दोघींना सारका दिला. अर्धा अर्धा. एक दिवस इकडं तिकडं नाय. मंग एकीचाच का माजला?"

"माहीत नाही, आजी," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं. "कुणाच्या छातीत किती जंतू होते, कुणाला आधी झाला. आपण सारखं वाटलं तरी रोग सारखं घेत नाही."

"म्हंजे माझ्या हातानं झाला."

"तुमच्या हातानं झालं. आणि आता जे करायचं तेही तुमच्याच हातात आहे." गोड बोलून मला सांगता आलं असतं, पण तिला गोड बोललेलं चाललं नसतं. "हे औषध एकीचंच आहे. कमलचं. रोज सकाळी भोईरभाऊ येणार, पण खोकं घरातच राहणार आणि दिवसभर घरात तुम्ही आहात. ह्यातली एक गोळी जरी कमी गेली, तर तुमची थोरली सून जाईल. दुसरं औषध जगात मला कुठे मिळणार नाही."

"न् धाकटीला?"

"धाकटीला तिचं चालू आहे. तिला ह्यातलं काही नको. ती बरी होतेय."

तिनं खोक्याकडे बघितलं. मुंबईहून आलेलं, चकचकीत वेष्टनाचं, धाकटीच्या डब्यापेक्षा चौपट मोठं. उभा जन्म जिनं एका घासाचाही वाटा चुकू दिला नव्हता, तिला मी एका सुनेला सगळं आणि दुसरीला काहीच नाही, असं रोज, दोन वर्षं करायला सांगत होते. मला तिची कीव आली आणि भीतीही वाटली. मी तिथे आठवडाभर राहायचं ठरवूनच आले होते, पण माझ्या आठवड्यानं काय होणार, हे मला कळत होतं.

भोईरभाऊंनी पहिला डोस काढला. गोळ्याच गोळ्या. कमलच्या ओंजळीत ठेवल्या तर ओंजळ भरली. सुनंदा चिंचा सोडून जवळ येऊन बसली. कमलनं गोळ्यांकडे बघितलं, मग सवयीनंच त्यातल्या निम्म्या डाव्या हातात वेगळ्या केल्या आणि डावा हात पुढे धरून सासूकडे बघत राहिली.  भोईरभाऊ पुढे होणार होते, मी त्यांचा शर्ट धरला.

भागाबाईनं कमलचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि त्यातल्या सगळ्या गोळ्या तिच्या उजव्या हातात ओतल्या.

"तिच्याकडं बगू नको. माज्याकडं पन बगू नको. सगळा तुझा हाय. गीळ."

कमल एकेक गोळी गिळत गेली. मधे तिला उमासा आला, डोळ्यांत पाणी आलं. सुनंदानं तिची पाठ धरली. शेवटची गेल्यावर भागाबाईनं तिची हनुवटी वर केली, तोंड उघडायला लावलं, जिभेखाली बोट फिरवून बघितलं आणि मग भोईरभाऊंना म्हणाली, "उद्या उशीर करू नको."